हिरवी मिरची खाणार नाही, हसणार नाही : किरणजीत अहलुवालिया प्रकरणाचा अभ्यास

नवरा घर सोडून गेला होता. त्याने परत यावं म्हणून तिने त्याला पत्र लिहिलं. साल १९८९, गाव इंग्लंडमधलं क्रॉली. पुढे या पत्रातला एक उतारा न्यायालयाच्या निकालपत्रात आला, म्हणून आज तो आपल्याला वाचता येतो. तू परत आलास तर मी काळी कॉफी पिणार नाही, असं ती लिहिते. दर आठवड्याला बाजारात जाणार नाही. हिरवी मिरची खाणार नाही. मैत्रिणी सोडून देईन. शेजारणीकडे जाणार नाही. केस रंगवणार नाही. अंगाने भरावं म्हणून सारखी खात राहीन. तुला आवडत नसेल तर हसणार नाही. तुझ्याकडे कसलीही मदत मागणार नाही.

दहा वर्षं मार खाल्लेल्या बाईने लिहिलेला हा मजकूर आहे, आणि त्यात मारहाणीबद्दल एक अक्षर नाही. तू मारू नकोस, ही अटसुद्धा नाही. सगळ्या अटी तिने स्वतःवरच घातल्या आहेत.

हे पत्र लिहिणाऱ्या किरणजीत अहलुवालियाने पुढे झोपलेल्या नवऱ्याच्या खोलीत आग लावली, त्यात तो गेला आणि तिला खुनासाठी जन्मठेप झाली. तिचं नाव घेतलं की लोकांना ती आग आठवते. कायद्याच्या विद्यार्थ्यांना त्या रात्रीचे तास आठवतात. माझ्या मते मात्र तिच्या मनाचं काय झालं होतं याचा सर्वांत भक्कम पुरावा हे पत्र आहे. म्हणून या प्रकरणाचा अभ्यास मी पत्रापासून सुरू करते.

किरणजीत पंजाबातली, मध्यमवर्गीय घरातली. कलाशाखेची पदवी घेऊन तिने कायद्याचं शिक्षण सुरू केलं होतं. घरच्यांनी लग्नाचा आग्रह धरला आणि १९७९मध्ये, आधी कधी न पाहिलेल्या मुलाशी तिचं लग्न झालं. मुलगा मूळचा केनियातला, इंग्लंडमध्ये नोकरी करणारा. लग्न कॅनडात झालं, संसार इंग्लंडात. मारहाण सुरुवातीपासूनच होती. तो अंगापिंडाने मोठा, ती किरकोळ. तिच्या डॉक्टरांच्या नोंदी पुढे न्यायालयासमोर आल्या. ऑक्टोबर १९८१ : टेलिफोनने डोक्यावर तीन-चार वेळा मारलं, जमिनीवर ढकललं. सप्टेंबर १९८३ : गरोदर असताना ढकललं, हाताला मार. १९८४ आणि १९८६ साली दोन मुलगे झाले.

‘मग ती निघून का गेली नाही?’ हा प्रश्न अशा प्रत्येक प्रकरणात विचारला जातो, आणि विचारणाऱ्याला वाटतं की आपण काही नवीन विचारतोय. किरणजीतने दार ठोठावलं होतं. १९८३ आणि १९८६ अशा दोन वेळा तिने न्यायालयातून नवऱ्याविरुद्ध मनाई हुकूम आणले. दुसऱ्या वेळी तर त्याने तिचा गळा धरून सुरी रोखली होती. हुकूम कागदावर राहिले. त्यानंतरही ती त्याच घरात होती आणि मारही चालूच होता. मदत मागून काहीच बदलत नाही, हा अनुभव मनाला जे शिकवतो ते मदत न मागण्यापेक्षा वाईट असतं. उताऱ्यातलं शेवटचं वाक्य, ‘मदत मागणार नाही’, मला या अनुभवाचा थेट परिणाम वाटतो.

आपल्याकडे याला एक जुना, अचूक शब्दप्रयोग आहे : तोंड दाबून बुक्क्यांचा मार. त्यात दोन क्रिया आहेत, मारणं आणि तोंड दाबणं. आपण बहुतेक वेळा पहिलीच मोजतो. वळ दिसतात, हाड मोडलं तर क्ष-किरणात दिसतं. तोंड दाबल्याचा वळ उमटत नाही. आणि दरवेळी तोंड नवराच दाबतो असंही नाही. ‘दिल्या घरी सुखी राहा’ म्हणणारे आई-बाप दाबतात, ‘मुलांकडे बघ’ म्हणणारी नणंद दाबते, चार माणसांत घराण्याची लाज दाबते. किरणजीतने पुढे तुरुंगातून लिहिलं, त्याचा गाभा हाच होता. बाई म्हणजे घराची इज्जत, असं मानणाऱ्या संस्कारात ती वाढली, आणि ती इज्जत सांभाळण्यात दहा वर्षं गेली. त्या दहा वर्षांत तिची अवस्था कुणाच्या लक्षात आली नाही.

आता पत्राकडे पुन्हा बघा. कॉफी, मिरची, बाजार, केसांचा रंग, हसणं. बाहेरच्या माणसाला ही यादी क्षुल्लक, काहीशी वेडगळ वाटेल. पण यादीतली प्रत्येक गोष्ट म्हणजे त्या घरातला एक नियम आहे. नवऱ्याला काय खपत नव्हतं याचा तो नकाशाच आहे. अशा घरात राहणारी बाई दिवसभर एकच अभ्यास करत असते : आज त्याचा मूड कसा आहे. किल्ली फिरण्याच्या आवाजावरून, चपला काढण्याच्या पद्धतीवरून ती अंदाज बांधते. मेंदूतली धोका ओळखणारी यंत्रणा सतत जागी राहते आणि शरीर ताणाची संप्रेरकं सोडत राहतं. झोप तुटते, भूक जाते, स्मरणात खड्डे पडतात. या सगळ्यातून मन एक हिशेब काढतं : माझ्या वागण्यामुळे मार बसतो, तेव्हा मी आणखी थोडी कमी झाले तर मार टळेल. हा हिशेब चुकीचा आहे. पण त्याचा मोठा दिलासा असतो, कारण त्यात काहीतरी आपल्या हातात उरतं. ‘मी काहीही केलं तरी तो मारणारच’ हे कबूल करणं त्याहून भयंकर आहे. म्हणून सोसणारी बाई स्वतःला दोष देते. तो दोष तिच्या हातातलं शेवटचं हत्यार असतो. मग ती मिरची सोडते, मैत्रिणी सोडते, शेवटी हसणं सोडते.

८ मे १९८९ची रात्र मी थोडक्यात सांगते. नवरा रात्री सव्वादहाच्या सुमारास घरी आला. दुसऱ्या स्त्रीशी त्याचे संबंध होते. लग्न संपलं आहे, असं त्याने सुनावलं. सकाळपर्यंत पैसे दे, नाहीतर मारीन, असं धमकावलं. गरम इस्त्रीने चेहरा भाजण्याची धमकी दिली. मध्यरात्रीच्या सुमारास ती झोपायला गेली, पण झोप लागली नाही. अडीचच्या सुमारास ती उठली, काही दिवसांपूर्वी आणून ठेवलेलं पेट्रोल घेतलं आणि झोपलेल्या नवऱ्याच्या खोलीत टाकून आग लावली. सहा दिवसांनी, १५ मे रोजी, तो हॉस्पिटलमध्ये मरण पावला. त्या सहा दिवसांच्या यातना कुणी लहान करून सांगू नयेत, मीही सांगणार नाही. मारण्याचा नव्हे, दुखवण्याचा हेतू होता, अशी तिची बाजू होती. पेट्रोल आधीच आणलेलं होतं, ही गोष्ट मात्र तिच्या बाजूने बोलणाऱ्या प्रत्येकाला अडचणीची वाटली पाहिजे. मलाही वाटते.

त्या रात्रीच्या एका दृश्यापाशी मात्र थांबायला हवं. शेजारी धावत आले तेव्हा ती तळमजल्याच्या खिडकीत उभी होती, मुलाला छातीशी धरून, नजर एका जागी खिळलेली. बाहेर ये, असं ते ओरडत होते. तिने खिडकी उघडली, ‘मी नवऱ्याची वाट बघतेय’ असं म्हणाली आणि खिडकी पुन्हा लावून घेतली. घर पेटलेलं होतं. बऱ्याच विनवण्यांनंतर तिने मुलाला बाहेर दिलं आणि मग स्वतः आली.

शेजाऱ्यांना ती शांत दिसली. न्यायालयात ‘शांत’ हा शब्द फार महागात पडतो. शांत म्हणजे थंड डोक्याने केलेलं, असा त्याचा अर्थ लावला जातो. आघातावर काम करणारी माणसं असं दृश्य वेगळं वाचतात. धोका असह्य झाला आणि पळणं किंवा लढणं दोन्ही संपलं, की मन शरीरापासून सुटं होतं. याला मानसिक विलगता म्हणतात. बोलणं सपाट होतं, चेहऱ्यावर काही उमटत नाही, वेळेचं भान जातं. अपघातातून वाचलेल्या माणसांमध्ये हे दिसतं, लैंगिक अत्याचारानंतर पोलीस ठाण्यात बसलेल्या मुलींमध्ये दिसतं. त्या रडत नाहीत म्हणून अधिकाऱ्यांना संशय येतो. किरणजीतला त्या क्षणी काय झालं होतं याचं निदान मी इतक्या वर्षांनी कागदावरून करणार नाही. पण पेटत्या घरात मुलाला घेऊन नवऱ्याची वाट बघणारी बाई शांत होती, हे वाचन मला पटत नाही.

डिसेंबर १९८९मध्ये लुईस इथल्या क्राउन न्यायालयात तिला खुनासाठी दोषी धरून जन्मठेप दिली गेली. खटल्यात तिने साक्ष दिली नाही. दहा वर्षांच्या घराची एकमेव साक्षीदार ती होती, आणि ती गप्प राहिली. लाज, परकी भाषा, बसलेला धक्का. बंद खोलीतली गोष्ट परक्या माणसांसमोर बोलणं ज्यांना कधीही जमलेलं नसतं, त्यांना ते आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहून एकाएकी कसं जमावं?

बचाव प्रक्षोभाचा होता, म्हणजे समोरच्याच्या वागण्याने मनाचा ताबा सुटला, म्हणून हा खून न मानता त्याहून हलका गुन्हा मानावा. त्यावेळचा इंग्लिश कायदा १९४९च्या डफी खटल्यातल्या व्याख्येवर चालत होता : ‘अचानक आणि तात्पुरता’ गेलेला ताबा. त्या खटल्यातली आरोपीही नवऱ्याचा मार सोसणारी बायकोच होती, आणि तिनेही झोपलेल्या नवऱ्याला मारलं होतं. व्याख्येतला ‘अचानक’ हा शब्द मुळात रागाचं वर्णन करतो. समोरच्याने काही केलं, रक्त उसळलं, हात उचलला गेला. जिला समोरासमोर हात उचलता येत नाही, उचलला तर तीच मरेल, तिची भीती अशी चालत नाही. भीती थांबते, वाट बघते, आणि समोरचा झोपल्यावरच हलते. कायद्याने मधले अडीच तास मोजले आणि राग निवायला तेवढा वेळ पुरेसा मानला. पण धमकी सकाळची होती. सकाळ जवळ येत असताना भीती निवते की वाढते, हे अंधारात छताकडे बघत पडून राहिलेल्या कुणालाही विचारावं.

इथे मुंबईतल्या एका खटल्याची आठवण होते. बायकोच्या प्रियकराला गोळ्या घालणाऱ्या नौदल अधिकारी नानावटींच्या १९५९च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६१मध्ये हाच हिशेब मांडला. दुपारी दीडला ते घरातून निघाले, चार वाजून वीस मिनिटांनी गोळ्या झाडल्या, तेवढ्या वेळात भानावर येता येतं. त्यांच्या बाबतीत तो हिशेब मला पटतो. मात्र त्याच निकालात असंही म्हटलं आहे की मृत व्यक्तीच्या आधीच्या वागण्याने तयार झालेली मनाची पार्श्वभूमी विचारात घेता येते. हे वाक्य मार सोसणाऱ्या बायकांच्या कामी यायला हवं होतं. एका दुपारी कळलेली गोष्ट आणि दहा वर्षं साचलेली भीती एकाच घड्याळाने मोजता येत नाहीत.

तुरुंगात असताना किरणजीतच्या मागे साउथॉल ब्लॅक सिस्टर्स ही संघटना उभी राहिली. १९७९पासून लंडनमध्ये काम करणाऱ्या या बायका, बऱ्याचशा दक्षिण आशियाई. त्या तिला भेटत राहिल्या, तिचं ऐकत राहिल्या. नवऱ्याच्या तुरुंगातून सुटून कायद्याच्या तुरुंगात आले, अशा अर्थाचं तिचं वाक्य तेव्हापासून सांगितलं जातं. कायद्याच्या तुरुंगात तिला मोकळं वाटलं, हेही ती सांगते. ऐकायला विचित्र वाटतं, पण आघातातून बाहेर येण्याची पहिली पायरी सुरक्षितता असते. रात्री दाराला बाहेरून कुलूप लागतं आणि आत कुणी मारणारं नसतं, हे तिला दहा वर्षांत पहिल्यांदा मिळालं. दुसरी पायरी म्हणजे झालेलं सगळं सांगणं, आणि ते खरं मानणारं कुणीतरी समोर असणं. संघटनेने तिला वकील मिळवून दिले हे मोठं काम होतंच. तिच्या मनाच्या दृष्टीने त्या बायकांचं ऐकणं हे तितकंच मोठं काम होतं, असं मला वाटतं.

३१ जुलै १९९२ रोजी अपील न्यायालयाने, सरन्यायाधीश लॉर्ड टेलर यांच्या पीठाने, तिची शिक्षा रद्द करून फेरखटल्याचा आदेश दिला. पण कारण काय? प्रक्षोभाच्या व्याख्येबद्दलचे युक्तिवाद फेटाळले गेले. उशीर झाला म्हणून प्रक्षोभाचा बचाव आपोआप संपत नाही, एवढी फट न्यायालयाने ठेवली. ती सुटली ती मनोविकाराच्या आधारावर. खटल्याआधीच एका मानसोपचारतज्ज्ञाने तिला तीव्र नैराश्य असल्याचा अहवाल दिला होता, आणि तो वापरलाच गेला नव्हता. त्यामुळे ‘घटलेली जबाबदारी’, म्हणजे मनोविकारामुळे कृत्याची जबाबदारी कमी धरावी, हा बचाव पहिल्या खटल्यात पुढेच आला नाही. २५ सप्टेंबर १९९२ रोजी तिची सदोष मनुष्यवधाची, म्हणजे खुनाहून हलक्या गुन्ह्याची, कबुली स्वीकारली गेली आणि शिक्षा दिली गेली तीन वर्षं चार महिने. म्हणजे तोवर भोगून झाली होती बरोबर तेवढीच. त्याच दिवशी ती बाहेर आली.

त्या अहवालातला शब्द होता ‘अंतर्जन्य’ नैराश्य. आतून उपजलेलं. त्या काळच्या मानसोपचारात या नावामागे लक्षणांची एक ठरावीक मांडणी होती आणि तज्ज्ञाने ती प्रामाणिकपणे वापरली, यात मला शंका नाही. तरी मराठीत हा शब्द उच्चारला की बोचतो. डोक्यावर टेलिफोन बसला बाहेरून, सुरी आली बाहेरून, इस्त्रीची धमकी बाहेरून, आणि आजार मात्र आतून उपजलेला. तिला सोडवायला कायद्याकडे ही एकच वाट होती, आणि त्या वाटेवर तिला आपलं मन बिघडलेलं होतं हे सिद्ध करावं लागलं.

दुसऱ्या एका नेहमीच्या शब्दाचीही अशीच अडचण आहे. ‘आघातोत्तर ताण’ हे निदान १९८०मध्ये अमेरिकेच्या अधिकृत यादीत आलं, मुख्यतः व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांना बघून. युद्ध संपलं, सैनिक घरी आला, युद्ध डोक्यातून गेलं नाही. ‘उत्तर’ म्हणजे नंतर. किरणजीतसाठी ‘नंतर’ आलंच नव्हतं. रोज त्याच घरात झोपायचं, उठायचं, स्वयंपाक करायचा. दीर्घकाळ, सुटका नसलेल्या जागी झालेल्या आघाताचं वेगळं वर्णन हवं, हा मुद्दा १९९२पासून ठामपणे मांडला जाऊ लागला. जागतिक आरोग्य संघटनेच्या, २०२२पासून लागू झालेल्या वर्गीकरणात ‘जटिल’ आघातोत्तर ताण स्वतंत्रपणे आला. त्यात भावनांवरचा ताबा जाणं, स्वतःबद्दल सतत हीन वाटणं आणि नात्यांत टिकता न येणं या गोष्टी जोडल्या आहेत. स्वतःबद्दल हीन वाटणं म्हणजे काय, हे त्या पत्रातल्या हसण्याच्या ओळीत दिसतं.

१९७९मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लेनोर वॉकर यांनी मार सोसणाऱ्या स्त्रियांसाठी ‘शिकलेली असहाय्यता’ ही कल्पना वापरली. विजेचे झटके टाळता न आलेले कुत्रे पुढे वाट मोकळी असतानाही पडून राहतात, या १९६७च्या प्रयोगांवर ती उभी होती. न्यायालयात या कल्पनेचा उपयोग झाला, पण तिने बाईला फार गरीब करून ठेवलं असं मला वाटतं. दोनदा न्यायालयात जाणारी बाई असहाय्य नव्हती. त्या प्रयोगांमागच्याच शास्त्रज्ञांनी २०१६मध्ये आपला निष्कर्ष उलटा केला. गप्प पडून राहणं शिकावं लागत नाही, तो दीर्घ झटक्यांना मिळणारा मूळचाच प्रतिसाद असतो. शिकावं लागतं ते ‘माझ्या करण्याने काही बदलतं’ हे. सोसून बाहेर आलेल्या बाईबरोबर काम करताना ही दुरुस्ती फार उपयोगी आहे. तिला धीर धर म्हणून सांगण्यापेक्षा, तिने ठरवलेली एक लहान गोष्ट खरोखर घडेल असं बघणं जास्त मोलाचं. बँकेचं खातं तिच्या नावाने. डॉक्टरांची वेळ तिने निवडलेली. बसायची खुर्ची दाराजवळची.

इंग्लंडच्या कायद्याला ‘अचानक’ शब्द सोडायला आणखी बरीच वर्षं लागली. २००९च्या कायद्याने, २०१०पासून, प्रक्षोभाची जुनी तरतूद गेली आणि ताबा सुटणं अचानक असण्याची अटही गेली. गंभीर हिंसेची भीती हे कारण त्यात आलं. २०१५मध्ये जोडीदारावर सततचं जाचक नियंत्रण ठेवणं हा स्वतंत्र गुन्हा झाला, म्हणजे पत्रातल्या यादीला कायद्याने नाव मिळालं. भारतात मद्रास उच्च न्यायालयाने १९८९मध्येच, किरणजीतच्या शिक्षेच्याच वर्षी, मुलांसह विहिरीत उडी घेतलेल्या एका आईच्या प्रकरणात साचत गेलेल्या प्रक्षोभाची दखल घेतली आणि त्यासाठी तमिळ लोककथेतल्या नल्लतंगाळचं नाव वापरलं. मात्र २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०१मध्येही शब्द तेच आहेत : गंभीर आणि अचानक.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी २९.३ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. हिंसा सोसलेल्यांपैकी मदत मागणाऱ्या साधारण १४ टक्के. उरलेल्यांपैकी बऱ्याचजणी कधी ना कधी दवाखान्यात जातात. हात मोडला म्हणून, झोप येत नाही म्हणून, पोटात सारखं दुखतं म्हणून. २०००मध्ये मुंबई महापालिकेने ‘सेहत’ या संस्थेबरोबर वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ केंद्र सुरू केलं, ते याच जाणिवेतून. पुढे पालिकेच्या आणखी रुग्णालयांत अशी केंद्रं झाली. तिथे परिचारिकेला आणि डॉक्टरला हे शिकवलं जातं की जखम आणि सांगितलेलं कारण जुळत नसेल तर बाईला एकटीला बाजूला घ्यायचं, नवरा-सासूला बाहेर थांबवायचं आणि सरळ विचारायचं. ती नाही म्हणाली तर केसपेपरवर जखम नीट लिहून ठेवायची आणि समुपदेशक कुठल्या खोलीत बसते ते तिला सांगायचं.

किरणजीतच्या डॉक्टरांनी १९८१मध्ये टेलिफोनचा मार केसपेपरवर लिहिला होता. तारीख होती, मार किती वेळा बसला तेही होतं. तो कागद न्यायालयात कामाला आला, पण आठ वर्षांनी आणि आरोपीच्या बाजूचा पुरावा म्हणून.